अडसर

गोलची रुंदी ६० सेंटिमीटर. रोबोचा व्यास २२. रोबो मधोमध उभा राहिला तर उजवीकडे १९ आणि डावीकडे १९ सेंटिमीटर वाट मोकळी. चेंडूचा व्यास साडेसात सेंटिमीटरच्या आतबाहेर, तेव्हा दोन्ही बाजूंनी तो सहज जातो. हे गणित नववीतल्या एका मुलीनं आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूनं फरशीवर मांडलं आणि गुडघ्यांवरची धूळ झटकत विचारलं, "काकू, म्हणजे ह्याला फक्त १९ सेंटिमीटर सरकायचंय. एवढंच काम?"

एवढंच काम. पण त्या कामाचं फळ काय, ते कुठे असतं आणि कोणाच्या नावावर मांडायचं, या प्रश्नानं तेव्हापासून माझी पाठ सोडलेली नाही.

मी पॉलिटेक्निकमध्ये ३१ वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. निवृत्त झाले त्या पावसाळ्यात सोसायटीतली चार मुलं दारात येऊन उभी राहिली: रोबोकप ज्युनिअरसाठी फुटबॉल खेळणारे रोबो करायचेत, शिकवाल का? रोबोकप १९९७ साली जपानमधल्या नागोयात पहिल्यांदा भरला. एकविसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यंत्रांच्या संघानं माणसांच्या विश्वविजेत्या संघाला फुटबॉलमध्ये हरवायचं, हे स्वप्न तो सुरू करणाऱ्यांनी उघड बोलून दाखवलं होतं. शाळकरी मुलांची शाखा २००० पासूनची. तिच्यात दोन रोबो विरुद्ध दोन रोबो खेळतात. हातात रिमोट नसतो. शिट्टी झाली की मुलांनी मागे सरायचं आणि पुढची दहा मिनिटं यंत्राचं यंत्रानं बघायचं. हलक्या वजनाच्या गटात चेंडूच्या पोटात इन्फ्रारेड दिवे असतात. आपल्या डोळ्यांना न दिसणारा, सेकंदाला ४०,००० वेळा लुकलुकणारा उजेड तो चहूकडे टाकत असतो. रोबोच्या भोवतीनं बसवलेले रिसीव्हर तो उजेड टिपतात आणि कोणाला किती मिळाला यावरून चेंडूची दिशा काढतात.

दोन रोबोंपैकी एक पुढे जातो, एक मागे राहतो. पुढचा आपल्याकडे यावा म्हणून मुलांमध्ये भांडणं झाली. चेंडूला ठोकर मारणारा सोलेनॉइड, जास्तीच्या ताकदीच्या मोटरी, सगळं त्याला. मागचा त्या मुलीच्या वाट्याला आला, कारण वाटणी झाली तेव्हा ती गणिताच्या क्लासला गेलेली होती.

नाव मी सुचवलं. वाईला आजोबांच्या घराच्या पुढच्या दरवाजाला अडसर होता. सागवानी, माझ्या तेव्हाच्या मांडीएवढा जाड. दिवसा तो भिंतीतल्या पोकळीत सरकवलेला असे, टोकाची कडी तेवढी बाहेर दिसे. रात्री जेवणं झाली की आजोबा कडी धरून ओढत. दगडावर लाकूड घासल्याचा खोल आवाज होई आणि अडसर दरवाजाच्या मागून आडवा जाऊन पलीकडच्या भिंतीतल्या खोबणीत बसे. पिढ्यान्पिढ्यांचे हात लागून कडीजवळचं लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. बसल्यावर रात्रभर तो काहीच करत नसे. मुलांनी अडसर पाहिलेला नव्हता, मला चित्र काढून दाखवावं लागलं. पण नाव त्यांना आवडलं.

पहिले दोन आठवडे आमचा अडसर थरथरत होता. चेंडू जरा डावीकडे दिसला की डावीकडे झेप घ्यायचा, वेगाच्या भरात पुढे जायचा, मग चेंडू उजवीकडे दिसायचा, की उजवीकडे झेप. मी म्हटलं गुणक कमी कर. कमी केला तर सुस्तावला आणि चेंडू शेजारून जाऊ लागला. मग तिनं चेंडू किती अंशांवर आहे याच्या जोडीला ते अंश किती झपाट्यानं बदलताहेत हेही हिशेबात घेतलं. थरथर निम्म्यावर आली. पुरती गेली ती मात्र एका ओळीनं: चेंडू समोरच्या रेषेपासून आठ अंशांच्या आत असेल तर चारही मोटरी थांबव. ती ओळ लिहून झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. "काकू, इतकं सगळं करून शेवटी ह्याला गप्प उभं राहा असंच सांगायचं?"

मी तिला सिरियल मॉनिटर उघडायला लावला. पडद्यावर आकडे धो धो वाहत होते. अडसर जागचा हलत नव्हता आणि सेकंदाला शंभर वेळा चेंडूकडे बघत होता. शंभर वेळा ठरवत होता, की हलायचं नाही.

पहिल्या स्पर्धेतला तिसरा सामना आम्ही ३–० जिंकलो. मुलीचे बाबा सगळा सामना मोबाइलवर टिपत होते. तो व्हिडिओ मी नंतर पुष्कळदा पाहिला. कॅमेरा चेंडूबरोबर जातो, म्हणजे आमच्या पुढच्या रोबोबरोबर जातो. अडसर कडेला अर्धा दिसतो, बहुतेक वेळ तेवढाही नाही. सामना संपल्यावर बाबा तिच्या पाठीवर हात ठेवून मनापासून म्हणाले, "बरं झालं, तुझ्या रोबोवर वेळच आली नाही. नुसता उभाच होता की तो." ती काही बोलली नाही. ती मैदानाच्या कोपऱ्याशी उकिडवी बसली होती आणि तिनं अडसरला चेंडू अडवताना तीन वेळा बघितलं होतं.

या स्पर्धेत परीक्षक मुलांशी बसून बोलतात, रोबो कसा केला ते विचारतात. पुढचा रोबो करणाऱ्या मुलाला विचारलं, किती गोल केलेस? सहा. मग तिला विचारलं, तुझ्या गोलकीपरनं किती अडवले? ती म्हणाली, "मोजले नाहीत." खरं तेच सांगितलं. शेवटच्या सामन्यात दुपारचं ऊन पश्चिमेच्या खिडकीतून कार्पेटवर आलं. उन्हातही इन्फ्रारेड असतो. तो इतका झाला की रिसीव्हर भांबावले आणि अडसरच्या बाजूनं चेंडू आत गेला. त्यानंतरच्या तासाभरात तिला निदान दहा जणांनी विचारलं, "अगं, अडसरला काय झालं?" दिवसभरात त्याची चौकशी झाली ती एवढीच. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "त्याचे सहा दिसतात. माझं काय दिसतं? आत गेला तो एक."

त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हतं. रात्री झोप लागेना, तेव्हा आजोबांची खुंटी आठवली.

दहावीच्या सुट्टीत आजोबांनी मला तर्कसंग्रह वाचायला बसवलं होतं. वाई तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची कर्मभूमी, तेव्हा पंधरा वर्षांच्या नातीला न्यायशास्त्र शिकवणं आजोबांना जगावेगळं वाटत नसे. आठल्ये-बोडसांची आवृत्ती समोर असे. अन्नंभट्टाचा मूळ ग्रंथ चिमुकला, टीपा मात्र पानोपानी. जगात जे जे आहे त्याचे सात पदार्थ सांगितलेले: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. आणि सातवा अभाव. मी अडून बसले. जे नाही, ते 'आहे'च्या यादीत कसं?

आजोबांनी भिंतीकडे बोट केलं. "खुंटीवर माझी छत्री आहे?"

"नाही."

"तुला काय दिसलं? खुंटी, की छत्रीचं नसणं?"

"खुंटी."

"मग छत्री नाही हे कशावरून सांगितलंस?" मी गप्प. "जा, बाहेरच्या पोस्टमनला विचार, खुंटीवर काय नाहीये? त्याला नाही सांगता यायचं. माझी छत्री रोज तिथं असते हे त्याला ठाऊकच नाही. त्याला नुसती खुंटी दिसेल. तुला नसलेली छत्री दिसते, बाळ."

ज्याचा अभाव असतो त्याला न्यायात त्या अभावाचा प्रतियोगी म्हणतात. छत्रीच्या अभावाची प्रतियोगी छत्री. प्रतियोगी मनात असल्याखेरीज अभावाचं ज्ञान होतच नाही. रोजच्या मराठीत प्रतियोगी म्हणजे समोरचा, विरुद्ध बाजूचा. गोलकीपरच्या कामात हे दोन्ही अर्थ एका जागी येतात, हे मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं. त्याच्या हातून निपजतो तो एक अभाव: न झालेला गोल. आणि तो पाहायचा तर झाला असता तो गोल डोळ्यांपुढे असावा लागतो.

या अभावावरून आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाले. प्रभाकराच्या मतानं चालणारे मीमांसक म्हणत, घडा नाही म्हणजे नुसती जमीन आहे. मोकळी जमीन दिसते तेवढं पुरे, अभाव नावाची आणखी एक वस्तू कशाला? कुमारिलभट्टांच्या पंथानं अभाव मानला आणि तो कळण्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानलं. नैयायिकांनीही अभाव खरा मानला, पण तो प्रत्यक्षच कळतो असं म्हटलं. अट एकच, की ती वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. मिट्ट काळोखात घडा दिसत नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. उजेडात म्हणता येतं, कारण असता तर दिसला असता.

मुलीचे बाबा त्या दिवशी प्रभाकराच्या बाजूनं बोलले होते. नुसता उभा होता. मोकळं कार्पेट, रिकामा गोल, बाकी काही नाही. हे मत उथळ नाही, थोर माणसांनी ते मांडलेलं आहे. पण मी नैयायिकांच्या बाजूची आहे. त्याची कारणं मला ग्रंथात मिळाली त्याहून जास्त त्या मुलीच्या प्रोग्रॅममध्ये मिळाली.

कारण तिनं मोजायचं ठरवलं. तिच्या रोबोत टीन्सी ४.१ हा कंट्रोलर होता, त्याला मेमरी कार्डाची जागा असते. अडसरनं गोल अडवला की कार्डावर एक ओळ लिहायची, असं तिच्या मनात होतं. एका संध्याकाळचं काम आहे, अशी तिची समजूत होती. दीड महिना लागला. चेंडू अडसरपाशी आला आणि लांब गेला म्हणजे अडवला, असं पहिल्यांदा लिहिलं. मग आमचाच पुढचा रोबो चेंडू घेऊन जवळून गेला तरी 'अडवला' अशी नोंद होऊ लागली. वेगाची अट घातली. मग गोलच्या बाहेरून जाणारा चेंडू अडसरच्या कडेला घासला तरी नोंद व्हायची, आणि तो तर तसाही आत जाणार नव्हता. एका रविवारी सकाळी ती डायरी घेऊन घरी आली. आकृती काढलेली होती: चेंडूच्या शेवटच्या वीस जागा, त्यांतून जाणारी सरळ रेघ, आणि ती रेघ अडसरला भेदून पुढे, गोलच्या रेषेपर्यंत तुटक तुटक वाढवलेली. तुटक रेघ मध्यापासून दोन्हीकडच्या ३० सेंटिमीटरच्या आत पडली तरच मोजायचं.

मी ती तुटक रेघ खूप वेळ बघत बसले. यंत्राला जे झालं नाही ते लिहून ठेवता यावं म्हणून आधी जे झालं असतं ते काढायला शिकवावं लागलं होतं. असता तर दिसला असता. अडसर नसता तर गेला असता. नैयायिकांनी काळोखातल्या घड्यासाठी घातलेली अट एका चौदा वर्षांच्या मुलीनं शास्त्राचं नावही न ऐकता, सी++ मध्ये लिहिली होती.

रेघ खरी आहे हे पडताळायला आम्ही फळी लावली. एका टोकाखाली दोन विटा, खालचं टोक गोलच्या डाव्या कोपऱ्याकडे, मीटरभर अंतर. फळीवरून सुटलेला चेंडू पाऊण सेकंदाच्या आत गोलपाशी येतो. अडसर उचलून बाजूला ठेवला आणि वीस वेळा चेंडू सोडला: १८ वेळा आत. अडसर ठेवला, फळी तीच, विटा त्याच, वीस वेळा: ३ वेळा आत. आजोबांनी याला अन्वय-व्यतिरेक म्हटलं असतं. एक असताना दुसरं असतं आणि एक नसताना दुसरं नसतं, असं दोन्हीकडून तपासायचं.

इथं मला अग्नी आणि मण्याचा जुना दृष्टांत आठवला. आग आहे, लाकूड आहे, पण जवळ चंद्रकांत मणी ठेवलाय म्हणून लाकूड पेटत नाही. का? मीमांसक म्हणाले, आगीत जाळण्याची एक अदृश्य शक्ती असते, मणी ती मारतो. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत हे खोडून काढलं. वेगळी शक्ती कशाला कल्पायची? प्रतिबंधक जवळ नसणं हेच जळण्याच्या कारणांपैकी एक कारण आहे. आग, लाकूड, वारा यांच्या पंगतीला मण्याचा अभावही बसतो.

हे मी तिला पार्किंगमध्ये फळीशेजारी बसून सांगितलं. तिनं लगेच ते पलटवलं, मला सुचलं नव्हतं तिकडे. म्हणाली, "म्हणजे त्याचे जे सहा गोल झाले, त्यांचं एक कारण समोरचा गोलकीपर त्या १९ सेंटिमीटरांत नव्हता, हे आहे." बरोबर. प्रत्येक झालेल्या गोलाच्या पोटात एक नसणं असतं. फलकावर मिरवणारा आकडा आणि फलकावर कधीच न येणारं तिचं काम एकाच मातीचे निघाले. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटलं ते कुठल्याही पदकाला उमटलेलं मी पाहिलं नाही.

एवढ्यानं सगळं सुटत नाही. मोजलेलं अडवणं हे गोलकीपरच्या कामातलं थोडकंच. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध ५–४ अशी आघाडी असताना शेवटच्या काही सेकंदांत भारताचा गोलकीपर श्रीजेश यानं पेनल्टी कॉर्नर अडवला आणि ४१ वर्षांनी हॉकीचं पदक आलं. ते आपण सगळ्यांनी पाहिलं, कारण तो गोल प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आधीच झाला होता. प्रतियोगी इतका ढळढळीत क्वचितच असतो. चांगला गोलकीपर दोन पावलं पुढे येऊन कोन लहान करतो, आणि समोरचा मारतच नाही. तो चेंडू बाजूला देतो, वेळ जातो, काहीच घडत नाही. तिथं तुटक रेघसुद्धा काढता येत नाही, कारण चेंडू निघालेलाच नसतो. फुटबॉलचा बॅलन डी'ओर हा मानाचा पुरस्कार आजवर एकाच गोलकीपरला मिळाला, १९६३ साली लेव्ह याशिनला. परीक्षकांना मी दोष देत नाही. जे सुरूच झालं नाही त्याचा प्रतियोगी मनात धरणं फार कठीण आहे. प्रागभावाला, म्हणजे वस्तू निर्माण होण्यापूर्वीच्या तिच्या नसण्याला, शास्त्रात सुरुवात नसते पण शेवट असावाच लागतो. वस्तू झाली की तो संपतो. जो गोल कधी झालाच नाही त्याच्या नसण्याला प्रागभावही म्हणता येत नाही. मग कुठल्या खणात ठेवायचं त्याला? अत्यंताभावात, असं आजोबा म्हणाले असते. माझं त्यानं समाधान होत नाही. ते नसणं आपोआप आलेलं नाही, कोणीतरी उभं राहून ते राखलेलं आहे.

दुसऱ्या वर्षी एका सामन्यात आमच्या पुढच्या रोबोचं होकायंत्र बिघडलं, त्याची दिशा फिरली आणि त्यानं चेंडू आमच्याच गोलकडे ठोकरला. अडसरनं अडवला. त्याला आपला-परका कळत नाही, त्याला चेंडू कळतो. मुलं आनंदानं ओरडली. मला आमच्या दारावरची गणेशपट्टी आठवली.

पार्वतीनं अंगाच्या मळापासून मुलगा घडवला, दाराशी उभा केला आणि एकच आज्ञा दिली: कोणालाही आत सोडू नकोस. शंकर आले, त्यानं त्यांनाही अडवलं, आणि शिर गमावलं. लहानपणापासून ऐकलेली ही कथा मला आता हातानं घडवलेल्या द्वारपालाची कथा म्हणून ऐकू येते. तो चुकला नव्हता. त्याला दिलेल्या आज्ञेत अपवाद नव्हता, आणि आज्ञा देणारी आत होती. रोबो घडवणारा प्रत्येक जण पार्वतीच्या जागी असतो. काय अडवायचं हे आपण ठरवतो, पण ते ज्याच्यावर येऊन आदळतं तो तिथं एकटा उभा असतो. म्हणून मी मुलांना सांगते, गोल खाल्ला तर रोबोला नावं ठेवायची नाहीत. आपली ओळ वाचा. ज्याला दाराशी उभं करून शिर तुटू दिलं त्यालाच पुढे विघ्नांचा अधिपती केलं आणि घराघराच्या दारावर बसवलं, यात आपल्या पूर्वजांनी काहीतरी भरपाई केली असावी, असं मी भक्तिभावानं मानते.

हे सगळं मला इतकं का लागतं, ते सांगते. माझी आई प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होती. वाड्यावस्त्यांवर चालत जाऊन लसी द्यायची. निवृत्तीनंतरही पल्स पोलिओच्या रविवारी शाळेच्या पडवीत बूथवर बसायची, थर्मासमधून कुपी काढून दोन थेंब, मग डाव्या करंगळीच्या नखावर खूण. तिच्या रजिस्टरात किती डोस दिले याचा रकाना होता. कोणत्या पोराला पोलिओ झाला नाही, याचा रकाना कुठल्याच रजिस्टरात नसतो. वाडीतल्या बायका म्हणत, आमच्या पोरांना काहीच झालं नव्हतं, मग ह्या बाई थेंब कशाला पाजतात? त्यांना मोकळी खुंटी दिसत होती.

आईला मात्र नसणं दिसत होतं. तिच्या धाकट्या भावाचा, माझ्या मामाचा, उजवा पाय पोलिओनं गेला होता. चामड्याचे पट्टे आणि लोखंडी सळ्यांचं कॅलिपर, जिना चढताना एका हातानं मांडी उचलून ठेवणं. पळत जाणारं प्रत्येक पोर बघताना तो पाय तिच्या डोळ्यांपुढे असे. प्रतियोगी तिच्या घरातच होता. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं जाहीर झालं. आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. टीव्हीसमोर बसली होती. काही बोलली नाही, उठून आत गेली आणि मामाला फोन लावला. मला दाराबाहेर एवढंच ऐकू आलं, "ऐकलंस का रे?" मग दोघंही बराच वेळ बोलत नव्हती. फोन चालूच होता.

या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात समोरच्या संघाचा एक रोबो सुरुवातीलाच बंद पडला. दुसऱ्या हाफमध्ये चेंडू आमच्या अर्ध्या मैदानात आलाच नाही. आम्ही जिंकलो, मुलं नाचली, फोटो झाले. ती मुलगी आता अकरावीत आहे, पुढच्या वर्षी संघात नसेल. गर्दी पांगल्यावर ती भिंतीशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, कार्ड लावलं होतं. मी शेजारी जाऊन टेकले.

"काकू, ह्या हाफच्या फाइलमध्ये एकही ओळ नाही. नुसती वरची रकान्यांची नावं आहेत. उडवू?"

मी पडद्याकडे बघितलं. वेळ, कोन, वेग, टळला. खाली पांढरं.

"तो उभा होता ना दहा मिनिटं?" मी विचारलं.

ती थोडा वेळ त्या पांढऱ्याकडे बघत राहिली. मग फाइलला तारीख घातली, सामन्याचा क्रमांक घातला, आणि सेव्ह केली.